पडद्यावर मुका, इतिहासात बोलका

कार्ल मार्क्स १८८३ साली वारला आणि ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे मार्क्सने सिनेमा कधी पाहिला नाही. तरीही सिनेमाचा गंभीरपणे अभ्यास करणाऱ्याला त्याला वगळून पुढे जाता येत नाही. याचे कारण सिनेमाच्या घडणीतच आहे. कविता लिहायला कागद आणि लेखणी पुरते. सिनेमा काढायला भांडवल लागते, यंत्रे लागतात, शेकडो माणसांची मजुरी लागते आणि तयार झालेला माल खपवायला बाजार लागतो. जे प्रश्न आपण कापडगिरणीला विचारतो, तेच सिनेमाला विचारता येतात. मालक कोण? राबतो कोण? नफा कोणाच्या घरी जातो? आणि जो राबतो त्याला स्वतःच्या राबण्याबद्दल काय वाटावे, हे कोण ठरवतो?

आपल्याकडे मार्क्सवादी समीक्षा म्हटली की तिचा एक ठोकळा डोळ्यांसमोर येतो. जमीनदार दुष्ट असावा, मजूर सज्जन असावा, शेवटी मोर्चा निघावा, म्हणजे चित्रपट पुरोगामी! कथेवरून असा निकाल देणे सोपे असते. पण एवढ्याने चित्रपट समजत नाही आणि समाजही समजत नाही. म्हणून या लेखात मी एक वेगळा मार्ग धरणार आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून, त्यांचा इतिहास एका बाजूला आणि पडद्यावरचा आदिवासी दुसऱ्या बाजूला असा ताळा घालून पाहायचा आहे.

पाया आणि इमला

मार्क्सच्या विचारातले एक सूत्र इथे उपयोगी आहे. समाजाची उत्पादनव्यवस्था हा पाया आणि कायदा, धर्म, कला, साहित्य हा त्यावरचा इमला. इमला पायावर उभा असतो. मात्र तो नुसता पडून राहत नाही, पायाला आधारही देतो. ज्याच्या हाती उत्पादनाची साधने, त्याचेच विचार समाजात सर्वांचे विचार म्हणून वावरतात. रशियात आयझेनस्टाइनने १९२५ साली 'बॅटलशिप पोटेमकिन' काढला तेव्हा त्याने एका नायकाऐवजी समूहाला नायक केले. पुढे १९२७-२८ मध्ये तर त्याने मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथावरच चित्रपट काढण्याची टिपणे केली. तो चित्रपट झाला नाही. जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन यांनी १९३०च्या दशकात प्रश्न आणखी पुढे नेला. सामान्य माणसाला पडद्यावर स्वतःला पाहण्याचा हक्क आहे, पण भांडवली चित्रपटधंदा त्याला तो हक्क मिळू देत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

महाराष्ट्रात या विचाराला पुण्याने जागा दिली. ऋत्विक घटक साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी कुमार शहानी हे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याही विचारात वाढले. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर मराठीत लिहिलेले 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक याच वातावरणातून आले. कोसंबींची पद्धत आम्हा शिक्षकांना शिकण्यासारखी आहे. ते पोथीवर थांबत नसत. पायी हिंडून, खेड्यातला दगड, देव आणि औत पाहून ते पोथीची परीक्षा घेत. चित्रपटाचीही अशीच परीक्षा घ्यायची, तर पडद्यावरचा आदिवासी जिथून उचलला गेला त्या डोंगरात जावे लागते.

जव्हार-मोखाड्याचा ताळेबंद

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. या घराण्यातील नेमशहाला १३४३ साली दिल्लीच्या महंमद तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली आणि 'शाह' हा किताब दिला. 'पतंगशाह' ही नावे त्या परंपरेतली. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र इंग्रजी अमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा दोन्ही तालुके त्यात आले. वारली, कोकणा, महादेव आणि मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती.

शेजारच्या डहाणू, उंबरगाव, तलासरी पट्ट्यात काय चालत होते, ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. जमीन वारल्यांच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेली होती. बिनमोल वेठ चाले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत; त्यांना 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने हाक दिली आणि हजारो माणसांनी ठरवले की यापुढे वेठ करायची नाही. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हा त्यांतला पहिला हुतात्मा. पुढे लाल बावटा डोंगर चढून जव्हार-मोखाड्याकडेही पसरला. १९७७ साली डहाणू मतदारसंघातून लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्ते लोकसभेवर निवडून गेले.

या घटनांमधली एक गोष्ट मनात ठेवावी. अडीच रुपयांची मागणी ही दयेची याचना नव्हती. किती गवत, किती वजन, किती दाम असा हिशेब करून ती मांडली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरवली आणि ती मोठ्याने सांगितली. आता हा बोलका आदिवासी पडद्यावर कुठे दिसतो ते पाहू.

चार चित्रपट, चार आदिवासी-शेतकरी

मराठी मातीतला सिनेमा या प्रश्नापासून दूर होता असे म्हणता येणार नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच 'सावकारी पाश' काढला. सावकाराने जमिनीला मुकवलेला शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी उभा केला. हा शेतकरी जमीन गमावून शहरात मजुरीला जातो. मार्क्सच्या भाषेत, उत्पादनसाधन गेले की माणसाकडे विकायला फक्त श्रमशक्ती उरते. वारल्यांच्या उठावाच्या वीस वर्षे आधी मूकपटाने हे सांगितले होते.

उठाव चालू असतानाच, १९४६ साली, ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टातर्फे 'धरती के लाल' केला. विषय १९४३चा बंगालचा दुष्काळ. या चित्रपटाची घडण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यात धुळे जिल्ह्यातील किसान सभेचे शेतकरी सामील झाले होते. बंगालच्या भुकेल्यांची भूमिका खानदेशच्या कुणब्यांनी केली! इथे पडद्यावरचा माणूस आणि संघटनेतला माणूस एकच होता. असे मराठी भूमीवर क्वचितच घडले.

'जैत रे जैत' हा १९७७चा चित्रपट. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, आणि दिग्दर्शक आपले डॉ. जब्बार पटेल. ठाकर आदिवासी पहिल्यांदाच मराठी पडद्यावर इतक्या प्रेमाने आणि इतक्या सुरेलपणे आला. तो नाच्या म्हणून कोपऱ्यात उभा नाही, तोच नायक आहे. त्याला स्वतःचा देव आहे, स्वतःचा राग आहे. पण संघर्ष कोणाशी? डोंगराशी, मधमाश्यांशी, देवाशी. जंगलखाते, सावकार, ठेकेदार हे या संघर्षाच्या केंद्रस्थानी नाहीत. याच दिग्दर्शकाने त्याआधी 'सामना'मध्ये सहकारी साखर कारखान्याच्या मालकीची नस अचूक पकडली होती. ऊसपट्ट्यातल्या माणसाला त्यांनी इतिहासात पाहिले आणि डोंगरातल्या माणसाला निसर्गात पाहिले. हा दोष एका दिग्दर्शकाचा नाही. आदिवासी म्हणजे निसर्गाचे लेकरू, त्याला काळ नाही, बाजार नाही, मजुरी नाही, ही आपल्या मध्यमवर्गीय मनाची ठाम समजूत आहे. तीच इमल्यात जाऊन बसते.

नंतर १९८० साली गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. इथे मात्र सगळी व्यवस्था दिसते. ठेकेदार आहे, पुढारी आहे, पोलीस अधिकारी आहे, न्यायालय आहे. बायकोच्या खुनाचा आळ आलेला लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, जवळजवळ पूर्ण चित्रपटभर बोलत नाही. त्याचा वकील बोलतो, सरकारी वकील बोलतो. तो सरकारी वकील स्वतः आदिवासी आहे आणि व्यवस्थेत टिकण्यासाठी गप्प राहायला शिकला आहे. लहान्याचे मौन हा या चित्रपटाचा प्राण आहे, आणि तो खोटा नाही. कोर्टात आदिवासीच्या शब्दाला किंमत नसेल तर त्याने का बोलावे? तरीही १९४५चा ताळा घातला की एक गोष्ट खटकते. या चित्रपटात डाव्या विचाराचा कार्यकर्ता आहे, पण तो एकटा आहे. त्याच्या मागे संघटना नाही. पाड्यावरची माणसे एकत्र बसून काही ठरवताना दिसत नाहीत. शेवटी लहान्या आपल्या बहिणीला मारतो आणि किंचाळतो. झरीच्या परिषदेत जे शब्द होते, त्यांच्या जागी इथे किंकाळी आहे. शोषण दाखवण्यात हा चित्रपट धीट आहे. प्रतिकाराचा इतिहास मात्र त्यातून निसटला आहे.

आपल्या मोहल्ल्यातला ताळा

हाच प्रश्न आम्हा मुसलमानांनी स्वतःबद्दल विचारला तर? हिंदी पडद्यावर मुसलमान म्हणजे कधी नवाब, कधी शायर, कधी कव्वाल, कधी तवायफ. आणि गेल्या तीसेक वर्षांत कधी अतिरेकी. भिवंडीच्या मागावर बारा-बारा तास उभा राहणारा, गॅरेजात काम करणारा, जव्हारच्या बाजारात छोटे दुकान चालवणारा मुसलमान अपवादानेच दिसतो. ठाकराला जसे गाण्यात अडकवले, तसे आम्हाला गझलेत अडकवले. श्रम दोघांचाही गायब.

म्हणूनच एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' (१९७३) वेगळा ठरतो. इस्मत चुगताईंची कथा आणि कैफी आझमींची लेखणी त्यामागे आहे. बलराज साहनींचा सलीम मिर्झा हा आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार. मुसलमान पाकिस्तानात पळून जातील म्हणून त्याला कर्ज नाकारले जाते. फाळणी इथे भाषणांतून येत नाही. ती न मिळालेल्या कर्जातून, हुकलेल्या मालातून आणि हवेलीच्या मालकीहक्कातून येते. पायातला धक्का इमल्याला कसा तडे पाडतो, हे शिकवण्यासाठी मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही. शेवटी मिर्झा आणि त्याचा मुलगा काम मागणाऱ्यांच्या मोर्चात शिरतात, म्हणजे एकटेपणातून समूहात येतात.

त्याहून जुना दाखला मराठीत आहे. व्ही. शांताराम यांचा १९४१चा 'शेजारी'. धरण बांधू पाहणारा भांडवलदार गावातल्या एकजुटीला अडसर समजतो आणि जिवलग असलेल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांमध्ये फूट पाडतो. हिंदी आवृत्तीत, म्हणजे 'पडोसी'मध्ये, मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी आणि हिंदू ठाकूर मझहर खान यांनी साकारला. धर्माचे भांडण स्वयंभू नसते, त्यामागे कोणाचा तरी हिशेब असतो, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारा चित्रपट आजही शाळेत दाखवावा असा आहे. आणि तो जव्हार-मोखाड्यात जरूर दाखवावा. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात.

पडद्यामागची मजुरी

चित्रपटातल्या गोष्टीइतकीच चित्रपट बनवण्यातली मजुरीही अभ्यासाचा विषय आहे. प्रगतिशील लेखक चळवळीतले साहिर, मजरूह, कैफी मुंबईत आले आणि गीते लिहून जगू लागले. जे कामगाराची बाजू मांडत होते ते स्वतःच निर्मात्याचे मजूर झाले. रेडिओवर गीतकाराचेही नाव सांगितले जावे, असा आग्रह साहिर यांनी धरला तो केवळ मानासाठी नव्हे. ज्याच्या श्रमातून वस्तू झाली त्याचे नाव वस्तूवरून पुसले जाते, हीच तर मार्क्सची तक्रार. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कायद्याने मिळायला २०१२ साल उजाडले. कॉपीराइट कायद्यातील त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली होती.

याच्या उलट टोकाला आमच्या डोंगरातला बोहाडा आहे. जव्हार-मोखाड्याच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी रात्रभर देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात. मुखवटा गावचा, संबळ वाजवणारा गावचा, सोंग घेणारा गावचा आणि बघणाराही गावचाच. तिकीट नाही, मालक नाही. उत्पादनसाधने आणि प्रेक्षक एकाच हाती असलेली ही कला आहे. लाल बावटा कलापथकात शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लोककलेचा हाच धागा गिरणगावात नेला. अमर शेखांचा आवाज मैदानावर हजारोंपर्यंत पोचे, तेव्हा मध्ये कोणी वितरक नसे. बोहाडा फार पुरोगामी आहे असे माझे म्हणणे नाही. त्यात जुन्या रूढीही आहेत. पण कलेची मालकी कोणाची असू शकते याचा तो जिवंत पुरावा आहे.

कॅमेरा येतो तेव्हा

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी इथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून कॅमेरा या डोंगराची वाट विसरलेला नाही. पण तो येतो कशासाठी? फुगलेले पोट आणि काड्यांसारखे हात टिपण्यासाठी. ते मूल आईसोबत दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्टीवर गेले होते, पावसाळ्याआधी परतले आणि आगाऊ उचल फिटली की नाही याचा हिशेब अजून भट्टीमालकाच्या वहीत आहे, हे छायाचित्रात मावत नाही. भूक दिसते, मजुरी दिसत नाही. मग कुपोषण हे आईच्या अज्ञानाचे फळ वाटू लागते. यालाच मार्क्सवादी भाषेत खोटी जाणीव म्हणतात. वस्तुस्थिती खरी आणि तिचा अर्थ खोटा.

मार्च २०१८ मधील किसान सभेच्या लाँग मार्चचेही तसेच झाले. ६ ते १२ मार्च या काळात हजारो शेतकरी, त्यात बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आले. त्यांच्या फाटलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकली. लोकांचे डोळे पाणावले. मात्र ते पाय ज्यासाठी चालत होते तो २००६चा वनहक्क कायदा, रेंगाळलेले दावे आणि अपुरे सातबारे यांवर किती जणांनी नजर टाकली? दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून हे लोक शेवटच्या रात्री झोप सोडून आझाद मैदानाकडे चालत राहिले. वाटेत मुंबईकरांनी, त्यात मुस्लिम मोहल्ल्यांतील लोकांनीही, त्यांना पाणी आणि खाणे दिले. हा निर्णय कोणी आणि कसा घेतला असेल? त्या चर्चेचे चित्रण झाले असते तर ते झरीच्या परिषदेचे पुढचे दृश्य ठरले असते. आपल्यापर्यंत पोचले ते फक्त तळवे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात एकदा मुलांना घरी पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटातील माणसे आणि त्यांची कामे यांची यादी करायला सांगितली. नायकाच्या रकान्यात बहुतेकांना काहीच लिहिता आले नाही. एका मुलाने आपल्या यादीखाली लिहिले, "ये लोग कमाते कब हैं?" मार्क्सवादी चित्रपटसमीक्षेची सुरुवात या प्रश्नापासून करता येते. त्यासाठी जड परिभाषेची गरज नाही.

आता मोबाइलचा कॅमेरा पाड्यापाड्यावर पोचला आहे. साधन हाती आले म्हणून मालकी आली असे समजू नये. ज्या कंपन्यांच्या मंचावर हे चित्रण चढते, तिथे काय पुढे जाईल आणि काय मागे राहील हे पाड्यावर ठरत नाही. नाचाची चित्रफीत चटकन पसरते. वीटभट्टीवरच्या हिशेबाची चित्रफीत कोण पाहणार? तरी एक शक्यता आहे. वनहक्काच्या दाव्यासाठी ग्रामसभा भरते, भट्टीवरून परतलेली जोडपी उचलीचा हिशेब मांडतात, बोहाड्याची सोंगे ठरतात. हे सगळे इथल्याच तरुणांनी इथल्याच भाषेत टिपून ठेवले, तर उद्याच्या इतिहासकाराला दस्तऐवज मिळेल. कोसंबींना असा दस्तऐवज दगडधोंड्यांतून शोधावा लागला होता.

वारली उठावाला २०२५ साली ८० वर्षे पूर्ण झाली. त्या उठावात बोललेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या नातवंडांकडे अजून ऐकीव आठवणी आहेत, आणि त्याही फार काळ राहणार नाहीत. आपल्या साहित्यसंस्था, शाळा आणि फिल्म सोसायट्या यांनी मिळून एवढे तरी करावे, की 'धरती के लाल', 'शेजारी', 'गर्म हवा', 'आक्रोश' हे चित्रपट जव्हार आणि मोखाड्यात दाखवावेत आणि दिवे लागल्यावर पहिल्यांदा बोलायला पाड्यावरच्या माणसाला सांगावे. समीक्षकाने त्यानंतर बोलावे.